जुना गेमिंग पीसी: आधी काय बदलायचं आणि कशाला हातच लावायचा नाही



परवाच्या व्हिडिओत मी घाईघाईत बोलून गेलो की जुन्या गेमिंग पीसीत ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी घ्या. तेव्हापासून दुकानात रोज कोणी ना कोणी येऊन मला धरतो. "दादा, कार्डाशिवाय गेम कसा चालंल?" बरोबर आहे, कार्डाशिवाय नाही चालत. पण तुमचा पीसी अडकतोय तो कार्डामुळेच, हे तुम्हाला कोणी सांगितलं? व्हिडिओत बारा मिनिटांत जे मावलं नाही ते इथे नीट लिहितो. तुम्ही स्वतः गेम खेळत असाल, तुमच्या पोराने हट्ट धरला असेल, गेमिंग झोन चालवत असाल किंवा माझ्यासारखंच कॉम्प्युटरचं दुकान असेल, तरी हिशेब एकच आहे.

आधी माझीच चूक सांगतो. २०१८ साल. दुकान नवीन होतं, बीबीएची डिग्री भिंतीवर होती आणि डोक्यात 'टार्गेट' होतं. मोहाडी तालुक्यातले एक काकाजी पोराला घेऊन आले. पोराकडे दुसऱ्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम. त्याला पबजी खेळायचा होता, मोबाइलवरचा नाही, कॉम्प्युटरवरचा. तो म्हणाला कार्ड पाहिजे, मी जीटीएक्स १०६० काढून दिलं. तेव्हा क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी बाजारातली कार्डं उचलली होती, भाव चढलेले. काकाजींनी नोटा मोजून दिल्या. चौथ्या दिवशी ते एकटेच आले, खोका काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, गेम तं तसाच अडकते जी." अडकणारच. त्या गेमला कमीत कमी आठ जीबी रॅम लागायची आणि प्रोसेसर दोन कोअरचा. कार्ड बिचारं रिकामं बसून होतं. मी ते परत घेतलं, पुढे तोट्यात विकलं. तोटा भरून निघाला, पण काकाजी पुन्हा दुकानात आले नाहीत. त्यांच्या गावातलंही बरेच दिवस कोणी आलं नाही.

त्यानंतर मी एक नियम केला: मोजल्याशिवाय विकायचं नाही.

आपण धानाच्या जिल्ह्यातली माणसं, म्हणून राइस मिलचंच उदाहरण घेतो. समजा शेलर तासाला दोन टन काढतो आणि पॉलिशर एकच टन. मालकाने तीन टनांचा नवा शेलर आणला तर काय होईल? पॉलिशरच्या तोंडाशी ढीग वाढेल, बाकी काही नाही. पोत्यात तांदूळ तासाला तेवढाच पडणार. मिलमध्ये हे कोणालाही दिसतं, कारण ढीग डोळ्यासमोर असतो. कॉम्प्युटरच्या डब्यात ढीग दिसत नाही, एवढाच फरक. तो दिसेल अशी सोय आधी करायची, पैसे मग काढायचे.

फुकटातली कामं

पाकिटाला हात लावायच्या आधी काही गोष्टी तपासा. हसू नका, यातली प्रत्येक गोष्ट मी दुकानात पाहिलेली आहे.

मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे की मदरबोर्डला? मागे दोन्हीकडे एचडीएमआय असतं. केबल बोर्डाला लावली की गेम प्रोसेसरच्या आतल्या साध्या ग्राफिक्सवर चालतो आणि वीस हजारांचं कार्ड डब्यात झोपून राहतं. दुसरं, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणून विंडोजमध्ये तो ६० वरच सोडलेला. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदलायला अर्धा मिनिट लागतो. तिसरं रायझनवाल्यांसाठी: ३२०० ची रॅम घेतली, पण बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी चालूच केलं नाही, म्हणून ती २१३३ किंवा २४०० वरच धावतेय. रायझनला रॅमच्या वेगाने बराच फरक पडतो.

आणि चौथं, आपल्या भागातलं सगळ्यात मोठं: धूळ आणि उष्णता. तुमसर, मोहाडीकडे घराजवळ मिल असेल तर भुशाची बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या जाळीत जाऊन बसते. वरून उन्हाळ्यात आपण वाळ्याचा कूलर लावतो. त्या कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर धुळीचा थर अक्षरशः चिखलासारखा चिकटतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. खोली जितकी तापते, साधारण तितकाच चिपचा तापमापकही वर सरकतो. प्रोसेसर शंभराच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. मग हिवाळ्यात बरा चालणारा गेम मे महिन्यात अडखळतो आणि लोक म्हणतात, पीसी जुना झाला. जुना नाही झाला हो, घुसमटलाय. ब्लोअर मारा, चार-पाच वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदला, आणि कॅबिनेट कूलरच्या समोरून हलवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

एवढं करून गेम चालायला लागला तर पुढचं वाचायची गरज नाही. पैसे वाचले.

ढीग कुठे साचलाय ते बघणं

एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. ते टाकलं की गेम सुरू असतानाच स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. चार गोष्टी लावा: कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर वेगवेगळा, रॅम किती भरली, आणि दोघांचं तापमान. मग गेममध्ये जिथे नेहमी अडकतं त्याच जागी वीस मिनिटं खेळा. मेनूत उभं राहून मोजू नका. त्याआधी व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट बंद करा, नाहीतर सगळे आकडे खोटे येतील.

कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के दिसतोय? मग कार्ड पूर्ण ताकदीने काम करतंय आणि बाकीचे त्याची वाट बघताहेत. हे वाईट नाही, गेमिंग पीसीत असंच असायला हवं. फ्रेम कमी पडत असतील तर मात्र आता कार्डाचा विचार करायला हरकत नाही.

कार्ड ५०-६० टक्क्यांवर लोळतंय आणि गेम तरी अडकतोय? मग दोष दुसरीकडे आहे. इथे लोक एक चूक करतात. टास्क मॅनेजर उघडतात, प्रोसेसर एकूण ४० टक्के दिसतो आणि म्हणतात, "प्रोसेसर तर निवांत आहे." चार कोअर असतील आणि त्यातला एकच पूर्ण भरला असेल तर एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. पण गेमचं मुख्य काम त्याच एका कोअरवर चालू असतं. म्हणून कोअर वेगवेगळे बघा म्हणतो.

अजून शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. चित्र घाण दिसेल, दिसू द्या. कार्डावरचं ओझं एकदम हलकं झालं. आता फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण कार्डाचीच होती. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत तर कार्ड कितीही भारी आणा, काही होणार नाही. पाच मिनिटांची ही परीक्षा मी २०१८ मध्ये केली असती तर काकाजी आज माझे गिऱ्हाईक असते.

रॅमचं वेगळं आहे. ती हळू होत नाही, ती भरते. आठ जीबीतली साडेसात भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर टाकतो आणि लागलं की परत आणतो. डिस्क जर जुनी हार्ड डिस्क असेल, सेकंदाला शंभर-दीडशे एमबीवाली, तर तेवढ्या वेळात गेम झटका खातो. खेळताना सरासरी फ्रेम चांगल्या, पण मध्येच अर्धा सेकंद सगळं गोठतं, असं होत असेल तर आधी रॅम आणि डिस्क बघा. साध्या साटा एसएसडीचा वेग पाचशेच्या पुढे असतो. शिवाय सायबरपंक २०७७ आणि स्टारफील्डसारख्या गेमनी तर कमीत कमी गरजेतच एसएसडी लिहून टाकली आहे. हार्ड डिस्कवर विंडोज असलेल्या पीसीत कार्ड विकणाऱ्या दुकानदाराला मी माझ्या ट्रेनिंगमध्ये उभं करून विचारतो, "का विकलंस?"

रॅम घेताना एक दांडी आठची असेल तर तशीच दुसरी आठची घाला. दोन दांड्यांनी प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात. एका सोळाच्या दांडीपेक्षा दोन आठच्या बऱ्या. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांत दुसरी आणि चौथी, पण बोर्डाच्या पुस्तकात एकदा बघून घ्या.

दुसरा प्रश्न: सोबत येईल का?

ढीग सापडला म्हणजे लगेच तोच भाग घ्यायचा असं नाही. माझा दुसरा प्रश्न असतो: हा भाग उद्या नव्या बोर्डावर सोबत येईल का? घर बदलताना भिंतीतलं कपाट नेता येत नाही, गोदरेजचं नेता येतं. एसएसडी सोबत येते. चांगलं एसएमपीएस येतं. कार्ड येतं, मॉनिटर येतो, कॅबिनेट येतं. रॅम येते, फक्त नवा बोर्ड त्याच डीडीआरचा असेल तर. प्रोसेसर आणि बोर्ड मात्र एकमेकांना बांधलेले असतात.

आता आपल्याकडे सगळ्यात जास्त येणारा पीसी घ्या: २०१७ च्या आसपासचा आय५-७४००, एच११० बोर्ड, जीटीएक्स १०५० टीआय, आठ जीबी रॅम, एक टीबी हार्ड डिस्क. याच्या मालकाला कोणीतरी सांगतं की सेकंडहँड आय७-७७०० टाक, त्याच बोर्डावर बसतो. बसतो, खरं आहे. चार कोअर तेच, थ्रेड आठ होतात, फरकही जाणवतो. पण पुढे काय? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, सातव्या पिढीचा आय७ त्या यादीत नाही. आणि आठवी-नववी पिढी त्या बोर्डावर चढत नाही, सॉकेट दिसायला तसंच असलं तरी. म्हणजे तो आय७ हा भिंतीतल्या कपाटावर केलेला खर्च. जुगाड करून विंडोज ११ टाकता येतं, पण व्हॅलोरंटसारखे गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतात, तिथे जुगाड गळ्याशी येतो.

रायझनवाल्यांचं नशीब बरं. २०१७ मध्ये एएमडीने एएम४ सॉकेट बाजारात आणलं आणि बरीच वर्षं टिकवलं. तुमच्याकडे बी४५० बोर्डावर रायझन ५ २६०० असेल तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच, विंडोज ११ चालतं. असा रस्ता मोकळा असेल तर प्रोसेसर बदलणं हा उत्तम खर्च. फक्त क्रम लक्षात ठेवा: बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचा, नंतर नवा घालायचा. उलट केलं तर स्क्रीन काळी आणि तुम्ही माझ्या दारात. आणि बायोस अपडेट यूपीएसशिवाय करू नका. आपल्याकडे लाइट विचारून जात नाही. मध्येच गेली तर बोर्ड मरतो.

जीटीएक्स १०५० टीआय, १०६० वाल्यांनी अजून एक लक्षात घ्या. एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. कार्ड बंद पडणार नाही. जुने गेम चालत राहतील. पण आज सेकंडहँडमध्ये १०६० घेणं मी कोणाला सुचवणार नाही. १६५० किंवा त्यापुढचं बघा.

तीस हजार म्हणजे किती धान?

गेल्या हिवाळ्यात लाखनीकडचा एक पोट्टा बाबांसोबत आला. पीसी वर लिहिला तोच, आय५-७४०० वाला. बजेट तीस हजार. बाबांनी सहज सांगितलं की धानाचे पैसे आले म्हणून आलो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. तीस हजार म्हणजे साडेबारा क्विंटलच्या वर. मी हा भागाकार आता प्रत्येक गिऱ्हाइकामागे मनात करतो. तुम्हीही करा, हात आपोआप जपून चालतो.

पोट्ट्याला आरटीएक्स ३०६० पाहिजे होतं. मी म्हटलं, पीसी दोन दिवस ठेवून जा. साफ केला, पेस्ट बदलली, मग मोजलं. व्हॅलोरंटमध्ये कार्ड निम्म्यावर, प्रोसेसरचे कोअर भरलेले. फ्रेम ८० ते ११० मध्ये हेलकावे खात आणि दोन-तीन जण एकदम समोर आले की पन्नासच्या खाली. ७२० वर आणलं तर आकडा तसाच. जीटीए ५ मध्ये शहरात गाडी पळवली की झटके; रॅम काठोकाठ, हार्ड डिस्क शंभर टक्के. वर तो लग्नाच्या सीझनमध्ये एका स्टुडिओसाठी व्हिडिओ एडिटिंग करतो, तेही याच पीसीवर. म्हणजे हा पीसी खेळणं नाही, दोन पैसे आणणारं अवजार आहे.

ढीग प्रोसेसर, रॅम आणि डिस्कवर. बोर्डाचा रस्ता बंद. मग ठरलं ते असं: आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ वाला एच६१० बोर्ड, जुनी आठ जीबीची दांडी तशीच ठेवून सोबत एक नवी आठची, एनव्हीएमई एसएसडी, आणि चांगलं एसएमपीएस. कार्ड जुनंच. मॉनिटर, कॅबिनेट, हार्ड डिस्क जुनी, सामान ठेवायला. तीस हजारांत बसलं. डीडीआर५ चा बोर्ड मी मुद्दाम टाळला. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की नवा बोर्ड आणि सगळी नवी रॅम घेतली असती तर एसएसडी राहून गेली असती. तुमच्याकडे डीडीआर४ च्या चांगल्या दांड्या असतील तर त्या सध्या जपून ठेवा, भंगारात देऊ नका. (म्हणूनच मी इथे एकाही भागाचा भाव लिहीत नाही. आज लिहिलेला आकडा पंधरा दिवसांत खोटा ठरतो आणि लोक मला दाखवायला येतात.)

पीसी घ्यायला आले तेव्हा बाबा कॅबिनेटभोवती फिरले आणि म्हणाले, "दिसाले तं तसंच दिसते जी, पैसे कुठी गेले?" प्रश्न रास्त होता. मी जुने भाग एका पिशवीत घालून त्यांच्या हातात दिले, बिलावरची एकेक ओळ वाचून दाखवली, मग पोराला खेळायला बसवलं. त्याच कार्डावर फ्रेम दीडशेच्या वर, आणि गर्दीतही साठाच्या खाली नाही. त्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, त्याला दीडशे दिसत नाहीत. पण पन्नासची घसरण दिसायची, ती गेली. पोट्टा थोडा नाराज होता, कार्ड आलं नाही म्हणून. सीझन संपला की एडिटिंगच्या पैशातून तो स्वतः घेईल, आणि एसएमपीएस आता तयार आहे.

एसएमपीएसचं स्टिकर

यावर थोडं थांबतो, कारण इथे नुसते पैसे नाही, पीसीच जातो.

१०५० टीआयला सहसा वेगळी वायर लागत नाही, ती खाचेतूनच ७५ वॉट घेते. म्हणून कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवरही ती वर्षानुवर्षं चालते. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात, आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ४०६० ला ११५. लोक म्हणतात, माझं तर ४५० वॉटचं आहे. डबा उघडा आणि स्टिकर वाचा. '+१२ व्ही' च्या खाली किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. १६ ॲम्पिअर असतील तर १९२ वॉट झाले. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच बाराच्या लाइनवर जगतात. वरचं '४५०' हे लग्नपत्रिकेतल्या आमंत्रणासारखं असतं, तेवढे लोक जेवायला बसतील अशी जागा नसते.

आणि कृपा करून ते मोलेक्सवरून आठ पिनचं कनेक्टर लावू नका. मी त्याचं प्लास्टिक वितळलेलं पाहिलंय. यूपीएसचंही तसंच: नेहमीचं ६०० व्हीएचं यूपीएस साधारण ३६० वॉट देतं. मोठं कार्ड टाकल्यावर लाइट गेली की यूपीएस धरत नाही, धाडकन बंद होतं, आणि दोष कार्डाला जातो.

कार्डाची वेळ आली तर

आता मोजून झालं, एसएमपीएस बरं आहे, आणि ढीग खरंच कार्डावर आहे. मग घ्या. दोन-तीन खड्डे सांगतो. जुन्या बोर्डावर आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ नका. त्याला चारच लेन आहेत, पीसीआय ३.० वर ती कमी पडतात. इंटेलची आर्क कार्डं स्वस्तात चांगली वाटतात, पण त्यांना रिसायझेबल बार लागतो, जो सातव्या पिढीच्या काळातल्या बोर्डांवर मिळेल असं धरून चालू नका. आणि कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

सेकंडहँड घेताना नागपुरात सीताबर्डीला जा किंवा ओळखीतून घ्या, पण समोर चालवून घ्या. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हमध्ये ठेवा. जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्याला १०५० टीआय म्हणून विकलेलं असतं, ते हे सॉफ्टवेअर पकडतं. वीस मिनिटं ताण देऊन चालवा, तापमान आणि पंख्याचा आवाज बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली, त्यातली अजून फिरताहेत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही; पंखे आणि पेस्ट बदलली तर पुष्कळ चालतात. पण त्याची किंमत मायनिंगची असावी, नव्याची नाही.

लाइटवाले पंखे, काचेची कॅबिनेट वगैरेवर मी काही बोलत नाही. हौसेला मोल नाही, फ्रेमही नाही.

गेमिंग झोनवाल्यांसाठी

साकोली आणि तुमसरच्या दोघांनी विचारलंय: आठ मशीन आहेत, सगळ्यांना कार्ड बदलू का? आधी एकाच मशीनवर सगळं मोजा. मग एका मशीनवर फक्त एसएसडी आणि रॅम टाकून पंधरा दिवस बघा, पोरं कुठल्या खुर्चीसाठी भांडतात. वहीत लिहा. समजा तासाला चाळीस रुपये घेता आणि गेम उघडायलाच प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं जातात. पोरगा ती मिनिटं मोजतो आणि शेवटी पाच मिनिटं फुकट मागतो. दिवसाचे दहा तास धरले तर एका मशीनवर रोज तीसेक रुपये असेच गळतात. एसएसडीचे पैसे किती दिवसांत सुटतात ते तुम्हीच भागून बघा.

नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर सुट्या भागांवरचा १८ टक्के कर इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. आयकरात कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के धरतात, पण बदललेला भाग दुरुस्तीत घालायचा की मालमत्तेत, हे तुमच्या सीएंना विचारा. दोन्हीसाठी पक्कं बिल लागतं. वॉरंटीसाठीही लागतं, म्हणून बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

निघालेले भाग फेकू नका. आठ मशीनमधल्या दोन नव्या बोर्डावर नेल्या तर त्यांची जुनी रॅम बाकीच्यांत जाते, आणि जुना आय५ लिनक्स टाकून काउंटरवरच्या वहीखात्याला अजून काही वर्षं पुरतो.

दुकानात यायचं असेल तर पीसी उचलून आणायच्या आधी तीन फोटो काढून आणा: एसएमपीएसचं स्टिकर, मदरबोर्डवर छापलेलं मॉडेलचं नाव, आणि तुमचा गेम जिथे अडकतो तिथला आफ्टरबर्नरच्या आकड्यांसह स्क्रीन. अर्ध्या लोकांचं काम त्या तीन फोटोंवरच होऊन जातं आणि बाकीच्यांना मी सांगतो की पीसी दोन दिवस ठेवून जा.